खालचा काठ कापू देऊ नका

कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावरील ऊसमळ्याचे जुने छापील चित्र आपण घेतले असून ते अस्सल आहे का आणि फ्रेम कशी करावी, असे आपण विचारले आहे. ते वाचताना मला माझीच फजिती आठवली.

पवनचक्की आणि उसाच्या मोळ्या या आपल्या वर्णनावरून ते विल्यम क्लार्क या चित्रकाराच्या १८२३ साली लंडनमध्ये निघालेल्या दहा चित्रांच्या संचातील, गँबल मळ्यावरील चरकाच्या आवाराचे असावे. अस्सल ॲक्वाटिंट (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून केलेली छपाई) भिंगाखाली अनियमित दाण्यांच्या जाळीसारखे दिसते. रंगीत ठिपके रांगेने दिसले, तर ती अलीकडची यंत्रावरची ऑफसेट छपाई समजावी.

माझ्याकडे त्याच संचातील रस आटवण्याच्या भट्टीघराचे चित्र आहे. आपल्या गुऱ्हाळासारख्याच काहिली आणि लांब दांड्याचे झारे धरलेली माणसे पाहून मी हरखलो आणि कागदावर काहीही लिहून न घेता ते एका फ्रेमवाल्याकडे सोपवले. त्याने खालचा पिवळा काठ 'घाण होता' म्हणून कापला आणि उरलेले चित्र पुठ्ठ्यावर डिंकाने घट्ट चिकटवले. चित्राचे नाव आणि प्रकाशकाची ओळ त्याच काठावर होती. मी पट्टी मागितली, तेव्हा ती कचऱ्यात गेली असल्याचे मला हसत सांगण्यात आले. पावतीवर मात्र 'काम समाधानकारक' अशी माझी सही होती! पुढे कागद-संवर्धकानेही ते सोडवायला नकार दिला.

पैशांपेक्षा मला त्या ओळींचे दुःख आहे. क्लार्कने ही चित्रे एका ॲडमिरलच्या मळ्यांवर तीन वर्षे राहून काढली, त्यामुळे कष्टही त्यांत देखणेच दिसतात. ते १८२३ सालचे, म्हणजे ब्रिटिश वसाहतींतील १८३४ च्या गुलाममुक्तीपूर्वीचे, गुलामांचे कष्ट आहेत, हे सांगायला आता माझ्या फ्रेममध्ये काहीच उरलेले नाही. त्याच १८३४ पासून मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले आणि पुढे त्यांत मराठी माणसेही होती. या संचाकडे मी वळलो, तो त्यामुळेच.

मी तज्ज्ञ नाही. तरीही आम्लरहित माउंट (चित्रामागचा व भोवतीचा पुठ्ठा), चित्र त्यावर अडकवायला जपानी कागदाच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या आणि त्यांना गव्हाची खळ यांखेरीज दुसरे काहीही मान्य करू नका, असे मी ठामपणे सांगेन. चित्र देण्यापूर्वी चारही काठांचे फोटो काढा, 'काठ कापणे नाही, पुठ्ठ्यावर चिकटवणे नाही' असे पावतीवर लिहून घ्या आणि पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर ते टांगू नका.