‘परमेश्वरावर भाव ठेव’ मधला भाव कोणता?

प्रश्न असा: बायबलमधल्या नीतिसूत्रे ३:५ मध्ये ‘परमेश्वरावर भाव ठेव’ असं आहे. इथे भाव म्हणजे भावना का? मग संकटात मन कोरडं पडलं, प्रार्थनेत काहीच वाटेनासं झालं, तर भाव उरला नाही असं समजायचं का?

नाही. हा ‘भाव तेथे देव’ मधला भाव आहे, म्हणजे निष्ठा, भरवसा. आज ‘भाव’ म्हटलं की आधी बाजारभाव आठवतो नाहीतर भावना, म्हणून घोटाळा होतो.

मूळ हिब्रू क्रियापद ‘बाताख’ आहे. त्यात हळवेपणा नाही. आपला भार कशावर टाकला आहे, एवढाच मुद्दा आहे. यशया ३६:६ पाहा. अश्शूरचा सरदार यरुशलेमच्या राजाच्या माणसांना बजावतो की तुमची भिस्त मिसरवर (इजिप्तवर), म्हणजे चेचलेल्या बोरूच्या काठीवर आहे. तिच्यावर टेकाल तर ती हातात घुसेल. तिथेही बाताखच. म्हणजे आधार पोकळ असला तरी भरवसा टाकता येतो, फक्त तो हात फाडतो. नीतिसूत्राच्या पुढच्या अर्ध्या भागात ‘आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस’ म्हटलं आहे. तिथलं हिब्रू क्रियापद तर सरळ टेकण्याचं आहे. २ शमुवेल १:६ मध्ये शौल राजा भाल्यावर टेकलेला दिसतो, तेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्तोत्र १३ मध्ये आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ असा टाहो चार वेळा येतो. पाचव्या ओवीत ‘मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ या अर्थाचं वाक्य येतं, क्रियापद पुन्हा बाताख. मधल्या ओव्यांत संकट टळल्याचा एक शब्दही नाही.

वापरताना: प्रवचनात किंवा तरुणांसमोर ‘भिस्त’ किंवा ‘भरवसा’ म्हणावं, चटकन पोचतं. ‘भाव ठेव’ वाचलंत तर लगेच अर्थ सांगावा. शब्द मात्र टाकून देऊ नये, इतका मुरलेला शब्द पुन्हा घडवता येत नाही. देवाविषयी बोलताना ‘चांगुलपणा’ हा शब्दही जपून वापरावा, कारण बोलीत तो माणसाच्या भिडस्त सौजन्याला चिकटला आहे: ‘त्याच्या चांगुलपणाचा फायदा घेतला.’ ‘देव चांगला आहे’ हे साधं वाक्य जास्त वजनदार ठरतं.

आणि सांत्वनाच्या पत्रात ‘देव करतो ते चांगल्यासाठीच’ कृपा करून लिहू नका. रोमकरांस ८:२८ सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात म्हणतं. प्रत्येक गोष्ट चांगली असते, असं नाही. त्यापेक्षा स्तोत्र २७:१३ घ्या. ‘जिवंतांच्या भूमीत परमेश्वराचा चांगुलपणा पाहीन असा माझा विश्वास नसता तर…’ हिब्रूत वाक्य इथेच तुटतं. ‘मी खचलो असतो’ हे भाषांतरकारांनी भरलेलं आहे.