मला चुकून बसवलंय का या खुर्चीत?

प्रश्न: ताई, बँकेत रिजनल मॅनेजर झालेय, हाताखाली बरेच सीनियर पुरुष, मीटिंगच्या आदल्या रात्री झोपच नाही, वाटतं एक दिवस सगळ्यांना कळणार की हिला काही येत नाही. मैत्रीण म्हणते हिप्नोथेरपी, म्हणजे संमोहनाचा उपचार कर, तीन सिटिंगमध्ये जातं. करू का? बेशुद्ध करतात का हो? – एक वाचक, नाशिक

उत्तर: बेशुद्ध नाही गं करत, सिरियलमधलं डोक्यातून काढ. डोळे मिटून, श्वास संथ करून लक्ष एका जागी आणतात आणि मग सूचना देतात, म्हणजे मीटिंग मनातल्या मनात शांतपणे पार पाडायला लावतात वगैरे, तुला सगळं ऐकू येत असतं, नको वाटलं तर उठूही शकतेस. धडधड आणि झोपेसाठी याचा उपयोग होऊ शकतो. पण ‘तीन सिटिंगमध्ये गॅरंटी’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नकोस, आणि लहानपणीचं खणून काढू म्हणणाऱ्याकडे तर नकोच, कारण संमोहनात खोट्या आठवणीही खऱ्या वाटायला लागतात. आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेली क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघ, सीबीटी म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीसोबत हे करणारी मिळाली तर उत्तम.

आणि तुला जे वाटतं, लायक असूनही आपण तोतया आहोत असं, त्याला ‘इम्पोस्टर फिनॉमिनन’ म्हणतात, हा काही आजार नाहीये बरं का. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये यावर लिहिलं तेच मुळी कर्तबगार बायकांबद्दल, आणि ग्रुप थेरपी सुचवली, कारण दुसरीच्या तोंडून तेच ऐकलं की आपलं भूत पातळ होतं. आणि मीटिंगमध्ये तुझं बोलणं कुणी मधेच तोडत असेल तर तिथे संमोहन काय करणार, ते वरिष्ठांशी स्पष्ट बोल.