वाचताना डुलकी लागते त्या ताईंसाठी

जय ख्रिस्त ताई. मुलं झोपली की साडेनऊला तुम्ही बायबलमधलं लेवीय हे नियमांचं पुस्तक उघडता, दुसऱ्या अध्यायाला डोळे मिटतात आणि मग ‘माझा विश्वासच कमी पडतोय का’ म्हणून रडू येतं, हे तुमच्या प्रश्नात वाचलं आणि दहा वर्षांपूर्वीची मीच डोळ्यांसमोर आले.

विश्वासाचा प्रश्न आधी बाजूला ठेवा. मलाही एका ज्येष्ठ भगिनींनी ‘प्रार्थना वाढव’ एवढंच सांगितलं होतं, आणि डुलकी घालवायला मी व्यायामाचं नाव काढल्याबरोबर प्रेषित पौलाच्या पत्रातलं वचन, १ तीमथ्य ४:८, पुढे केलं होतं. अहो, पौल तिथे शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आहे म्हणतो, नाही म्हणत नाही! त्रोवस शहरात त्याचं बोलणं मध्यरात्रीपर्यंत चाललं, युतुख नावाचा तरुण खिडकीत झोपी जाऊन तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, तर त्याला कुणी बोल लावला नाही, उचलून जवळ घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी सोबत्यांना तारवाने पुढे पाठवून पौल स्वतः अस्सा या बंदरापर्यंत पायी गेला, सुमारे ३० किलोमीटर. हे प्रेषितांच्या कृत्यांत, विसाव्या अध्यायात आहे.

आता माझी चूक, कारण तुम्हीही त्याच वाटेवर दिसताय. ‘चालताना कानात बायबल लावू का’ असं तुम्ही विचारलंय. मी नेमकं तेच केलं. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे, चाळीस दिवस पहाटे धावायचं आणि कानात पौलाचं रोमकरांस पत्र. सोळा अध्याय ऐकायला साधारण तास लागतो, माझं धावणंही तेवढंच. कित्येक वेळा अख्खं पत्र कानावरून गेलं आणि त्यालाच मी अभ्यास समजले. वहीत तारखेपुढे टिकमार्क करून मोकळी व्हायची. मग बायबल क्लासमध्ये त्याचा सातवा अध्याय, ज्यात पौल ‘नको तेच मी करतो’ म्हणतो, शिकवायला माझ्याकडे आला. एका आजींनी विचारलं, ‘बाई, यातला हा “मी” कोण? पौल आताचं सांगतोय की पूर्वीचं?’ मला एक वाक्य बोलता येईना. त्या “मी”कडे मी कधी थांबलेच नव्हते. आजी पाणावल्या डोळ्यांनी उत्तराची वाट बघत होत्या, त्यांच्यासाठी तो प्रश्न खरा होता. त्यानंतर सहा महिने मी क्लास घेतला नाही. आजी तोवर मुलाकडे राहायला गेल्या, उत्तर द्यायचं राहिलंच.

तेव्हा फोन घरी ठेवा. माझा क्रम असा आहे: आधी बसून उतारा दोनदा वाचायचा, फार तर दहा-बारा वचनं, त्यातला न कळलेला एकच प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा आणि वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. परत आलं की पाणी पिऊन लगेच लिहायला बसायचं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, घामाने शाई पसरते. सुरुवातीला स्तोत्र ११९ घ्या: आठ-आठ वचनांची २२ कडवी, रोज एक. पुटपुटत चाला. पहिल्या स्तोत्रातल्या ‘मनन’ शब्दाच्या मुळाशी इब्रीत पुटपुटणंच आहे.

दमेपर्यंत व्यायाम करू नका, हे माझं ठाम मत. जिममध्ये तास घालवून वाचायला बसलात तर पुन्हा डुलकीच. आणि रात्रीचा हट्ट सोडा, दिवसभर राबलेलं शरीर तेव्हा झोपच मागणार. एलीया संदेष्टा रानात रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर खाऊ घातली, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. उपदेश केला नाही. वर्षात बायबल पूर्ण करायचा तक्ताही सध्या काढून ठेवा. ११८९ अध्याय म्हणजे रोज तीनच्या वर, दोन लहान मुलं सांभाळून हे जमत नसेल तर त्यात पाप नाही.

मी डॉक्टर नाही, माझ्या शरीराला जे मानवलं ते सांगितलं. पण दिवसाही झोप येत असेल, जिना चढताना धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासा. माझं हिमोग्लोबिन साडेआठ निघालं होतं. ते कुणी आधी तपासायला सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं स्वतःला दोष देण्यात गेली नसती.

गुडघे दुखत असतील तर गच्चीवर फेऱ्या मारल्या तरी चालतात. स्तोत्र ११९ चं कडवं पहिलं, ‘आलेफ’ (इब्री वर्णमालेतलं पहिलं अक्षर), उद्या सकाळी घ्या. मीही तेच घेते, आणि तुमच्या चिठ्ठीवर कोणता प्रश्न आला ते मला कळवा.