बटाटा, लाकडी कुंपण आणि स्कोअरबुक

प्रश्न : अमेरिकेत राहणारे माझे मेहुणे सांगत होते, की तिथल्या बेसबॉलच्या छोट्या (मायनर) लीगमध्ये एका खेळाडूने चेंडूऐवजी बटाटा फेकून समोरच्याला बाद केलं आणि एका पिचरने, म्हणजे तिथल्या गोलंदाजाने, लाकडी कुंपणातून चेंडू आरपार घालवला. यात खरं किती? आमच्या गावातही एका जुन्या गोलंदाजाने मधल्या स्टंपचे दोन तुकडे केले, असं सांगतात.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : बटाटा खरा आहे. फक्त समोरचा बाद झाला नाही.

31 ऑगस्ट 1987, पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. डेव्ह ब्रेस्नाहन तिथल्या संघाचा राखीव कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षकच म्हणा. ग्लोव्हची जाळी तुटली असं सांगून तो दुसरा ग्लोव्ह घेऊन आला. त्यात सोललेला बटाटा दडवलेला. प्रतिस्पर्धी धावपटू तिसऱ्या बेसवर. पुढचा चेंडू हातात येताच ब्रेस्नाहनने बटाटा तिसऱ्या बेसच्या पार पलीकडे भिरकावला. थ्रो हुकला असं समजून धावपटू होम प्लेटकडे, म्हणजे जिथे पोचलं की धाव मिळते तिकडे, पळत सुटला, आणि हा बहाद्दर खरा चेंडू घेऊन त्याची वाट बघत उभा! पण पंचांनी ही लबाडी चालवून घेतली नाही, धावपटूला धाव दिली. दुसऱ्या दिवशी ब्रेस्नाहनला नारळ मिळाला. पण पुढच्याच वर्षी विल्यम्सपोर्टने त्याला बोलावून त्याचा 59 नंबर सन्मानाने निवृत्त केला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. मला त्या गावाचं फार कौतुक वाटतं.

कुंपणाची गोष्ट सांगोवांगीची. पण ती ज्याच्या नावावर खपते तो स्टीव्ह डाल्कोव्स्की अगदी खरा. चष्मा लावणारा, मध्यम बांध्याचा डावखुरा पिचर. 1960 साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनकडून खेळताना त्याने 170 इनिंग्जमध्ये 262 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केलं आणि बरोबर 262 जणांना वॉक दिले. चार चेंडू भलतीकडे पडले की फलंदाज फुकटात पहिल्या बेसवर जातो, तो वॉक. हे दोन सारखे आकडे मला कुंपणापेक्षा कितीतरी अचाट वाटतात. वेग होता, ताबा नव्हता. 1958 साली लष्कराच्या केंद्रात त्याचा वेग मोजला तेव्हा तो ताशी सुमारे 150 किलोमीटर भरला. पण आदल्याच दिवशी तो सामना खेळून आला होता आणि पिचर ज्यावरून चेंडू टाकतो तो माउंडचा उंचवटाही पायाखाली नव्हता. 1963 साली मेजर लीगचं, म्हणजे सर्वांत वरच्या लीगचं, दार उघडणार तोच कोपर दुखावलं. मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

मायनर लीग म्हणजे मेजर लीगच्या खालची पायरी. गावं लहान, प्रेक्षक मोजके, त्या काळी कॅमेरा बहुधा नाहीच. म्हणून जो वर पोचला नाही त्याचा पराक्रम तोंडातोंडी वाढत जातो. आपल्याकडे वेगळं नाही. कराडजवळच्या गोळेश्वरात खाशाबा जाधवांच्या मिरवणुकीतल्या बैलगाड्यांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. 1952 चं हेलसिंकीचं कांस्यपदक कुणाला बदलता येत नाही.

आता तुमचा स्टंप. मी सांगलीत बरीच वर्षं स्थानिक स्पर्धांचं स्कोअरिंग केलं आहे. स्टंप मोडतो, विशेषतः उन्हात वाळून चिरलेला. पण स्कोअरबुकात नुसतं ‘त्रिफळा’ एवढंच लिहिलं जातं, तुकडे झाल्याचं कुणी लिहीत नाही; आणि स्पर्धा संपली की ते बुकही रद्दीत जातं. डाल्कोव्स्कीचे 262 आपण आज मोजू शकतो, कारण कुणीतरी ती पानं जपली. आपल्या तालुक्यांतले असे किती गोलंदाज नुसते हवेत विरून गेले, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तेव्हा त्या सामन्यातला दुसऱ्या टोकाचा फलंदाज किंवा पंच हयात आहे का, ते आधी बघा. स्पर्धेचं नाव, साल, मैदान आणि बाद झालेल्या फलंदाजाचं नाव वहीत लिहून घ्या. दोघांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको. जुळलं तर मला जरूर कळवा. याच सदरात गोलंदाजाच्या नावासकट छापू.