लेकीच्या गाडीसाठी एफडी मोडू नका, आधी कागद मागवा

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत शिकली, तिथेच नोकरीला लागली. शनिवारी संध्याकाळी तिने डीलरकडून गाडी घेतली. ४,००० डॉलर रोख आणि जुनी गाडी दिली, उरलेल्या २५,००० डॉलरचं ६ टक्क्यांनी ५ वर्षांचं कर्ज. बुधवारी डीलरचा फोन आला: बँकेने कर्ज नाकारलं, येऊन नव्या कागदांवर सही करा. आता व्याज ११ टक्के, शिवाय आणखी २,००० डॉलर भरायचे. मी एफडी मोडून पाठवू का? (निवृत्त शिक्षक, नाशिक)

सर, पाठवू नका. निदान या आठवड्यात तरी नाहीच.

दोन हजार भरले की लेकीच्या डोक्यावरचा भार हलका होईल, असं तुम्हाला वाटतंय. आकडे मांडून बघू. पहिल्या कागदाप्रमाणे महिन्याचा हप्ता ४८३ डॉलर, पाच वर्षांत एकूण सुमारे २९,००० डॉलर. नव्या कागदाप्रमाणे तुमचे दोन हजार वजा करून कर्ज २३,००० उरतं, पण ११ टक्क्यांनी हप्ता होतो ५०० डॉलर. म्हणजे पैसे भरूनही हप्ता वाढलाच! तुमचे दोन हजार धरून एकूण जातात सुमारे ३२,००५. तुमच्या घरातून तीन हजार डॉलर जास्त जाणार, आणि गाडी तीच.

गाडी देऊन मग गिऱ्हाईकाला परत ओढायचा हा प्रकार तिथे इतका जुना आहे की त्याला 'यो-यो' असं नावच पडलंय. कर्जाचा करार आधी डीलरशी होतो, डीलर तो नंतर बँकेला किंवा फायनान्स कंपनीला विकतो. बँकेच्या दरावर स्वतःचं थोडं चढवायची मुभा बहुतेक वेळा डीलरला असते. शनिवारी संध्याकाळी बँकेचं उत्तर यायच्या आतच किल्ली हातात ठेवतात. चार दिवसांत माणूस गाडीत रुळतो, ऑफिसात पेढे वाटून होतात, मग परत द्यायला जीव होत नाही. मला राग येतो तो याचाच.

मुलीने नवी सही करायलाच हवी, असं नाही. नव्या अटी मान्य नसतील तर व्यवहार रद्द करा आणि डाउन पेमेंट परत मागा, जुनी गाडीही मागा, असं तिथलं फेडरल ट्रेड कमिशनच (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) ग्राहकांना सांगतं. 'तुझी जुनी गाडी विकली गेली' असं डीलर म्हणाला, तर तिची किंमत लेखी मागायची.

तिला आज रात्रीच फोन करा आणि शनिवारच्या सगळ्या कागदांचे फोटो मागवा. त्यात चार चौकटी असतील: वार्षिक दर, एकूण व्याज, कर्जाची रक्कम, एकूण देणं. त्या बघून झाल्या की बाकीचं बारीक अक्षर वाचा. कर्ज मंजूर होण्याच्या अटीवर गाडी दिली आहे, असं वेगळं पान आहे का? डीलरला किती दिवसांत रद्द करता येतं? असं पानच नसेल, तर तिची बाजू बरीच भक्कम आहे. बँकेने खरोखर नाकारलं असेल, तर नकाराचं कारण लेखी मागायचा तिला कायद्याने हक्क आहे. ते पत्र मागितलं की फोनवरचा सूर पुष्कळदा बदलतो.

'तिकडे तीन दिवसांत काहीही परत करता येतं' असं कुणी नातेवाईक सांगेल. डीलरच्या दुकानातून घेतलेल्या गाडीला ते लागू नाही. डीलरांना वेसण घालणारा एक केंद्रीय नियम २०२३ च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला होता, पण जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तो रद्द केला. त्यामुळे राज्याचा कायदा बघावा लागेल, आणि त्यासाठी तिथल्या ग्राहक-वकिलाला एकदा विचारणं मला गरजेचं वाटतं. तोवर गाडी लपवू नये, फोन टाळू नयेत. फक्त सगळं बोलणं ईमेलवर ठेवावं.

दरम्यान तिने क्रेडिट युनियनमध्ये (आपल्याकडच्या सहकारी पतसंस्थेसारखी संस्था) कर्जासाठी स्वतः अर्ज करावा. समजा ८ टक्क्यांनी मिळालं, तर २५,००० वर हप्ता ५०७ आणि एकूण ३०,४१५ डॉलर. तुमच्या एफडीला हात न लावता डीलरच्या नव्या कागदापेक्षा हे जवळजवळ १,६०० ने स्वस्त. तिथला कर्जफेडीचा इतिहास लहान असल्याने नकारही येऊ शकतो. तसं झालं तर गाडी परत करून चार हजार आणि जुनी गाडी घेऊन यावं, असंच माझं मत आहे.

क्रेडिट युनियनने थोडं जास्त डाउन पेमेंट मागून दर उतरवला, तर मात्र तुमचे पैसे कामाला येतील. तेव्हा पाठवा. वर्षभरात १० लाख रुपयांच्या आत पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ घेते तो कर) कापला जात नाही, बँकेतून पाठवताना पॅन लागेल एवढंच.