राज्यशास्त्रात एम.ए. आहे, फिजिक्स बारावीनंतर सुटलं. कोल्हापुरातून अण्वस्त्रं आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात संशोधन करता येईल का?

येईल की. मी कोल्हापुरातच शिकलो आणि पुढं याच विषयात पडलो. गल्लीत अजून विचारतात, "काय सर, बाँब कराय लागलाय काय?"

फिजिक्स बातमी कळण्यापुरतं लागतं. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५, म्हणजे सहज फुटून ऊर्जा देणारा प्रकार, जेमतेम ०.७ टक्के. बहुतेक वीज-अणुभट्ट्यांना ३ ते ५ टक्के लागतं, शस्त्राला साधारण ९०. पण हे प्रमाण वाढवताना २० टक्क्यांपर्यंत येईतोच बहुतेक मेहनत झालेली असते. इराणनं ते ६० टक्क्यांवर नेलं यावर एवढा गदारोळ का, ते यातून कळतं.

बाकी सगळं कागद वाचायचं काम. जानेवारी २००३ मध्ये भारतानं अण्वस्त्र धोरण जाहीर केलं. 'आधी वापरणार नाही' एवढंच सगळ्यांच्या तोंडी असतं. त्याच निवेदनात, जैविक किंवा रासायनिक शस्त्रांनी मोठा हल्ला झाला तर अण्वस्त्रानं उत्तर द्यायची मुभाही राखून ठेवलीय. १९९९ च्या मसुद्यात ती नव्हती. मधल्या काळात ती कुठून आली? एवढ्यावर एक प्रबंध होतो.

'भारत-पाक अणुयुद्ध होईल का' असले विषय मात्र टीव्हीवाल्यांना सोडा. त्यापेक्षा ३१ डिसेंबर १९८८ चा करार घ्या. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही, असा. १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, सैन्य सीमेवर उभं राहिलं, तरी यादी गेली. बांधावरनं कोर्टात गेलेले भाऊबंद पाण्याची पाळी मात्र मोडत नाहीत, तसंच हे. का मोडत नाहीत, हा माझ्या मते फार चांगला प्रश्न आहे आणि त्यावर म्हणावं तेवढं काम झालेलं नाही.

अडचण कागदपत्रांची. नियमानं २५ वर्षांनी सरकारी फायली राष्ट्रीय अभिलेखागारात जायला हव्यात. अणुऊर्जेच्या सहसा जात नाहीत. मग १९७४ च्या पोखरण चाचणीबद्दल आपण अमेरिकेनं खुली केलेली कागदपत्रं वाचत बसतो! ती ऑनलाइन फुकट आहेत, शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसूनही वाचता येतील. दिल्लीला मात्र अधूनमधून जावंच लागेल.

प्रवेशासाठी पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग, जेएनयू आणि बेंगळुरूची एनआयएएस ही संशोधन संस्था बघा. जेआरएफ, म्हणजे नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती, मिळाली तर पैशाची चिंता बरीच मिटते. निव्वळ या विषयाच्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, म्हणून नेट (प्राध्यापकीसाठीही हीच परीक्षा लागते) राज्यशास्त्रातूनच द्या. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत हे संशोधन करणारे बरेच आहेत, मीही त्यातलाच.