'मेटॅनॅलिसिस' म्हणजे काय?

प्रश्न : इंग्रजी 'ॲप्रन'च्या व्युत्पत्तीत 'मेटॅनॅलिसिस' ही संज्ञा आढळली. तिचा अर्थ काय आणि ती कोणी घडवली?

उत्तर : बोलण्याच्या ओघात दोन शब्दांमधली सीमा भलत्याच जागी मानली जाऊन नवे रूप रूढ होते, या प्रक्रियेला डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९१४मध्ये हे नाव दिले, त्यासाठी त्यांनी बदल सुचवणारा ग्रीक उपसर्ग 'मेटा' हा 'ॲनॅलिसिस'ला, म्हणजे विश्लेषणाला, जोडला. 'अ नॅप्रन' हे 'ॲन ॲप्रन' असे ऐकले गेले आणि मूळ फ्रेंच शब्दातला 'न' कायमचा गळाला. उलट 'ॲन एकनेम', म्हणजे जादाचे नाव, यातला 'न' पुढे चिकटून 'निकनेम' झाला. याला निव्वळ चूक म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण अखंड ध्वनिप्रवाहातून शब्द वेगळे काढण्याचे काम प्रत्येक श्रोत्याला स्वतःच करावे लागते.